लाख वातींची होडी

पिंपळधऱ्याला जहाजांचं संग्रहालय आहे म्हटलं की अमरावतीचे लोक आधी हसतात आणि मग पत्ता विचारतात. हसणाऱ्यांचंही चुकत नाही म्हणा. समुद्र तिथून इतका लांब, की निम्म्या गावानं तो कॅलेंडरवरच पाहिलेला. पण तिवशाच्या पुढं आत वळलात, धरणाच्या पाण्याच्या कडेनं आलात, की जुन्या जिनिंगच्या गोडाऊनवर निळ्या अक्षरांची पाटी दिसते : 'दर्यावर्दी संग्रहालय. प्रवेश मोफत. चपला बाहेर काढाव्यात.' यातली चपलांची ओळ मैनाबाईंची. जहाज असो की देऊळ, झाडणाऱ्याला धूळ सारखीच, असं त्यांचं म्हणणं.

बाकीची पाटी त्यांच्या यजमानांची, म्हणजे पंजाबरावांची. काळ्या मातीतला शेतकऱ्याचा हा मुलगा उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेल घालत जगभर हिंडला. तो जहाजावर गेलाच कसा, हे विचारू नका. ती गोष्ट ते रोज वेगळी सांगतात. निवृत्त झाले आणि माणसं शेती घेतात, प्लॉट घेतात, यांनी भंगार घेतलं. परतवाड्याहून संत्री भरून गुजरातेत जाणारे ट्रक येताना रिकामे यायचे. जहाजं तोडतात तिथल्या बाजारातून पंजाबराव त्यांत माल भरून आणायचे. कधी पितळी घंटा, कधी होकायंत्र, कधी गोल खिडकी, कधी सुकाणूचं चाक. एकदा एक भोंगा आणला. आणि एकदा तर, बाप्पा रे, अख्खी लाकडी होडी आणली.

पगारी माणूस तिथं एकही नव्हता, सगळा कारभार हौसेचा. कुलूप उघडायचं धर्मेंद्र पंक्चरवाल्यानं. रविवारी अमरावतीच्या राजापेठेतून एसटीनं अनुपमा मॅडम यायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे पाहुण्यांना माहिती सांगताना मध्येच 'मागच्या बाकावर कोण बोलतंय?' असं विचारायच्या. पितळ घासायला भजनी मंडळ. एकादशीचं भजन झालं की बाया चिंच घेऊन घंटेवर तुटून पडत. आणि उरलेलं सगळं, म्हणजे झाडणं, चहा, पाहुण्यांसाठी कोथिंबिरीची सांभारवडी, शिव्या देणं, हे मैनाबाईंकडे.

मैनाबाई त्या संग्रहालयाला 'माही सवत' म्हणायच्या.

"जहाजावर होते तवा दहा महिन्यांनी तरी घरी येत," त्या पार्बताबाईला सांगायच्या, "आता तर येतच नाहीत वं!" पार्बताबाई म्हणजे भजनी मंडळाची पुढारीण. टाळ तिच्या हातात आणि गावाची बित्तंबातमी तिच्या जिभेवर.

यात एक खरं दुखणं होतं आणि ते पार्बताबाईलाच माहीत होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा पंजाबरावांचं जहाज वादळात सापडलं. कुठं आहे, आहे की नाही, काही कळेना. मैनाबाई अमरावतीला गेल्या आणि अंबादेवीपुढं पदर पसरून म्हणाल्या, "माय, त्याईले पान्यातून सुखरूप काठावर आन, घरी आन. तुले लाख वाती वाहीन." पंजाबराव आले. पण रजा संपताच पुन्हा गेले. मग आले आणि गेले. देवीनं अर्धा नवस पूर्ण केला असं समजून मैनाबाईंनी वाती वळायला घेतल्या. दुपारची कामं आटोपली की मांडीवर कापूस, बोटांना राख आणि वात. वीतभर लांब, पिळदार, एका जाडीची. किती वर्षं वळल्या देव जाणे. तुपाचे रिकामे डबे वातींनी भरत गेले, माळ्यावर चढत गेले. मागच्या दिवाळीला लाख पुऱ्या झाल्या.

"मंग कवा वाहतं वं देवीले?" पार्बताबाईनं विचारलं.

"मानूस घरी येऊ दे आधी," मैनाबाई म्हणाल्या, आणि दोघींनी एकदमच गोडाऊनकडे पाहिलं.

*

तर अशा या सवतीवर संकट आलं, तेही लग्नाचं.

गोडाऊन जिनिंग सोसायटीचं. सोसायटीचे अध्यक्ष ओमप्रकाशजी. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यात मंगल कार्यालय शिरलं होतं. एसी, झुंबर, वरातीला गाड्या लावायला पटांगण. सोसायटीची मीटिंग गोडाऊनमध्येच भरली. सभासद होकायंत्राला टेकून, नांगरावर बसून, चहाची वाट पाहत होते.

ओमप्रकाशजी उठले आणि अंगणातल्या होडीकडे बोट करून म्हणाले, "पंजाबभाऊ, राग मानू नोका. पन ह्या होडीनं आमच्या गावात आल्यापासून पानी तरी पाह्यलं का? पान्याबिगर होडी म्हंजे नवरदेवाबिगर वरात! जागा अडवून राहिली फक्त."

सगळे हसले. पंजाबरावांचा चेहरा तांबडा झाला आणि त्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "कार्तिक पुन्नवेले घालतो पान्यात! चार मानसं बसवतो आनि पल्याडच्या टेकडीवरल्या महादेवाले जाऊन येतो. काय समजले?"

"कोरडी येईन?"

"कोरडी येईन!"

"मंग गोडाऊन तुमचं. मी हयात हावो तवरी कोनी काढाचं नाव नाही घेनार. अन् बुडाली, तं त्याच आठवड्यात इथं पहिलं लग्न लावतो."

टाळ्या झाल्या. लागली पैज. मैनाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली : सवत जाणार, देवी पावली. दुसरी : आपल्या माणसाचं भर सभेत हसं झालं. दुसरी गोष्ट पहिलीवर अशी काही चढून बसली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"अध्यक्षसाहेब," त्या ट्रे घेऊन पुढं आल्या, "त्या चार जनात तुमीबी बसा. होडी कोरडी आली का नाही, हे पाहाले मधात मानूस पायजे ना?"

ओमप्रकाशजींना पोहता येत नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर टाळ्या दुप्पट वाजल्या. भर सभेत नाही कसं म्हणणार? त्यांनी घाम पुसला आणि कसंबसं म्हणाले, "बसतो ना. बसतो. काय त्यात."

आ बैल मुझे मार, दुसरं काय!

*

आता गंमत अशी की ती होडी किती तरी उन्हाळे अंगणात उभी होती. आमचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर मेमध्ये एकदा येऊन पाहा, कावळासुद्धा सावली मोजून बसतो. लाकूड आक्रसलं, फटींतलं जुनं भरण गळून गेलं. होडीच्या आत बसलं की फटीतून बाहेरची कोंबडी दिसे. पंजाबरावांना हे ठाऊक होतं. पण बैलगाडीचं चाक सैल झालं की आपण पाण्यात घालून फुगवतो, तशी होडी फुगेल असा त्यांचा हिशेब. आठवडाभर धर्मेंद्रनं पाइप लावून तिला पाणी पाजलं. होडी फुगली, थोडी. कोंबडी दिसायची बंद झाली आणि नुसती तिची चोच दिसू लागली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं व्हायची होती तेव्हा, धरणाच्या धक्क्यापाशी चाचणी घेतली. दोर लावून होडी पाण्यात सोडली. गाव गोळा झालं. पंजाबरावांनी छाती फुगवली. मैनाबाई चहा गाळत होत्या. तो गाळून होईपर्यंत होडी काठोकाठ भरली. एक मासा आत आला, फेरी मारून बाहेर गेला. त्यालाही चपला काढायला सांगायला हवं होतं, असं कोणी तरी म्हणालं.

"फटीत कापूस ठोकाचा असते," पंजाबराव ओढून काढलेल्या होडीकडे बघत म्हणाले. "जहाजावर तसंच करत. पिळून पिळून वळलेला कापूस ठोकाचा, वरून राळ अन् तेल."

"कापूस?" धर्मेंद्र उडालाच. "काका, वऱ्हाडात कापसाले काय तोटा?" आणि तो पळत गेला. पंक्चरवाल्याचं डोकं, भोक दिसलं की हात शिवशिवणार. शेजारच्या वावरातून पोतंभर कापूस आणला, सरकीसकट, आणि दिसेल त्या फटीत बोटानं कोंबला. होडी पुन्हा पाण्यात. कापूस पुन्हा बाहेर. सगळं पाणी पांढरं झालं, दही सांडल्यासारखं. म्हशी पाणी प्यायला आल्या होत्या, त्या पाहून परत गेल्या.

"असा नाही रे बावा," पंजाबराव म्हणाले. "वळलेला पायजे. घट्ट, एकसारखा. एवढी होडी भराची म्हंजे गाव बसलं वळाले तरी उद्यापर्यंत होत नाही."

सगळे गोडाऊनपाशी परतले तोच मंडपवाला आला. हातात टेप. ओमप्रकाशजींनी पाठवलं होतं, स्टेज कुठं बसतं ते बघायला. त्यानं सुकाणूच्या चाकापासून दारापर्यंत टेप धरला आणि अगदी आदबीनं विचारलं, "काका, हे चाक जरा सरकवता का? नवरीची खुर्ची अठी येते."

पंजाबराव बाहेर येऊन पायरीवर बसले. मैनाबाईंनी नवऱ्याला नाना तऱ्हांनी पाहिलं होतं, दारातून निघताना तर शंभरदा पाहिलं होतं, पण असं गप्प बसलेलं नव्हतं पाहिलं.

"जाऊ दे वं मैना," ते म्हणाले. "लग्नंबी चांगलीच असतात. पोट्ट्याईचं भलं होते."

मैनाबाईंना हे ऐकवेना. अरे, भांड ना! ओरड! टेप फेकून दे त्याचा! पण हे बसले आपले समजूतदारपणे. आणि समजूतदार नवरा बघवत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मान वळवली तर पार्बताबाई त्यांच्याकडेच टक लावून पाहत होती.

"माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली वं?"

"काही नाही."

"मंग?"

"काही नाही म्हटलं ना." पार्बताबाईनं टाळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. "लाख हायत ना वं. वळलेल्या. घट्ट. एकसारख्या."

मैनाबाईंनी डोळे वटारले. पंजाबरावांनी मान वर केली. "कायच्या लाख?"

आता पार्बताबाईच्या पोटात बातमी ठेवणं म्हणजे फाटक्या पिशवीत साखर. तिनं सगळं सांगून टाकलं. वादळ, अंबादेवी, नवस, डबे, माळा, 'मानूस घरी येऊ दे आधी', सगळं. धर्मेंद्रसमोर, मंडपवाल्यासमोर, आख्ख्या भजनी मंडळासमोर. मैनाबाईंना वाटलं धरणानं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं.

पंजाबराव उठून उभे राहिले. रजेवर आलो की ही वाती वळताना दिसायची, हे त्यांना आठवलं. बायकांचा विरंगुळा, असं समजून ते कापसाचं बी उडवत बसायचे.

"माह्यासाठी?" त्यांनी विचारलं. "एवढ्या?"

"मंग काय शेजाऱ्यासाठी?" मैनाबाई खेकसल्या, कारण खेकसल्या नसत्या तर रडल्या असत्या.

पंजाबरावांनी गोडाऊनच्या पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तं मंग त्या वातीले हात लावाचा नाही. देवीच्या हायत त्या. गोडाऊन गेलं खड्ड्यात."

झालं! इतका वेळ ज्यांना सवत खड्ड्यात जायला हवी होती, त्याच मैनाबाई पदर खोचून पुढं आल्या. "कोनाच्या हायत ते मी ठरवीन! नवस माहा, वाती माह्या अन् नवराबी माहा! तुमी कोन मधात बोलनारे?"

आणि त्या तरातरा घराकडे निघाल्या.

घरी माळ्यावरून डबे उतरवून देव्हाऱ्यासमोर मांडले तेव्हा मात्र त्या तिथंच बसल्या. किती दुपारी होत्या त्या डब्यांमध्ये. जहाजाची बातमी नाही अशा दुपारी, पोरं तापानं फणफणलेल्या दुपारी, सासू बोलून गेलेल्या दुपारी. "माय," त्या तसबिरीला म्हणाल्या, "तू या वाती जाळशील. मोठा उजेड पडेन, मान्य. पन त्या मानसाची छाती आज पहिल्यांदा खाली गेली वं. मी काय करू? तू सांग. नको असन तं नको म्हन."

देवी काही बोलली नाही. मैनाबाईंनी तो होकार धरला. नवऱ्याच्या बाबतीतही जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

पाच वाती तेवढ्या त्यांनी काढून पदराच्या गाठीत बांधल्या, देवीला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. बाकीचे डबे भजनी मंडळानं डोक्यावरून धक्क्यावर नेले, वाजतगाजत.

मग जे काही झालं ते बघायला तुम्ही हवे होता! होडी उपडी घातली. बाया चहूबाजूंनी बसल्या. वाती तेलात बुडवायच्या, चार-चार एकत्र पिळायच्या, फटीत घालायच्या आणि ठोकायच्या. पंजाबरावांकडे लाकडी हातोडा आणि बोथट छिन्नी होती, ती एकच. मग काय, कोणी उलथणं आणलं, कोणी लाटणं, पार्बताबाईनं वरवंटा. भजनाचा ठेका धरला आणि त्या ठेक्यावर ठोकाठोक सुरू झाली. ठेका चढला की होडी थरथरे. पंजाबराव या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होते. "हळू वं बायाहो! फट बुजवाची हाय, नवी पाडाची नाही!" धर्मेंद्र मागून राळ लावत येत होता, त्यानं स्वतःलाही बरीच लावली. मंडपवाला टेप खिशात घालून कधी ठोकायला बसला, त्याला स्वतःलाही कळलं नाही. दिवस मावळायला डबे रिकामे झाले आणि होडी बाहेरून नव्या बाळंतिणीसारखी तेलानं चमकत होती.

पंजाबराव मैनाबाईंपाशी आले. "उद्या चौथ्या जागेवर तू बस."

"अनुपमा मॅडम बसनार होत्या ना?"

"मॅडमले मी सांगतो. तुह्या वाती अन् तू काठावर? असं कुठी असते का?"

मैनाबाई त्या रात्री पातळ निवडत बसल्या. जहाजांनी ज्याला त्यांच्यापासून नेलं त्याच्यासोबत पाण्यावर जायचं होतं. हिरवं घ्यावं की जांभळं?

*

पौर्णिमेला धक्क्यावर ही गर्दी! अनुपमा मॅडमच्या हातात माइक. त्यांना होडीत जागा गेल्याचं दुःख झालंच नाही. माइक मिळाल्यावर शिक्षकाला दुसरं काही लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होडी. नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पण होडीला चाक कुठं? मग ट्रॉलीच्या चाकाखाली ठेवलं. ओमप्रकाशजी आले ते कमरेला ट्रकची फुगवलेली ट्यूब घालून, दोन्ही दंडांना स्कूटरच्या. सगळ्या धर्मेंद्रकडूनच नेलेल्या. पायात मात्र पांढरे मोजे आणि चकचकीत बूट, कारण फोटो निघणार होते.

"चपला बाहेर," मैनाबाई म्हणाल्या.

"अवो वहिनी, बूट हायत."

"बूटबी बाहेर."

मोज्यांवरच बसले बिचारे. धर्मेंद्र वल्ही घेऊन पुढं, ओमप्रकाशजी मध्ये, त्यांच्या समोर जांभळ्या पातळात मैनाबाई आणि मागं सुकाणूवर पंजाबराव. गोडाऊनमधला भोंगा धर्मेंद्रच्या दुकानातल्या हवेच्या टाकीला जोडून ठेवला होता. वाजेल की नाही कोणालाच खात्री नव्हती. पार्बताबाईनं देवाचं नाव घेऊन कळ दाबली.

वाजला! अहो, असा वाजला, की काठावरच्या म्हशी शेपट्या उभारून तिवशाच्या दिशेनं निघाल्या, ओमप्रकाशजी ट्यूबसकट हवेत उडून पुन्हा जागेवर बसले आणि चिमण्या झाडं सोडून गेल्या. लोक कानांवर हात ठेवून नाचायला लागले. त्याच आवाजात होडी पाण्यात उतरली.

आणि तरंगली.

मैनाबाईंनी खाली पाहिलं. कोरडं. पुन्हा पाहिलं. कोरडं! त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

पण धर्मेंद्रनं जन्मात वल्हं धरलं नव्हतं. तो एकीकडचंच मारत सुटला आणि होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. काठावर कुजबुज झाली, मग एक म्हातारा हात जोडून खाली बसला. त्याचं पाहून सगळ्यांनी हात जोडले.

"होडी सध्या प्रदक्षिणा घालत आहे!" अनुपमा मॅडमचा आवाज घुमला. "कृपया कोणी मध्ये बोलू नये!"

"दोन्ही हात मार बे!" पंजाबराव ओरडले. "देवळात आला का तू?"

एकदाची होडी सरळ झाली. वारा लागला, पाणी चमकायला लागलं, गाव मागं लहान होत गेलं. मैनाबाईंनी सुकाणूवरच्या माणसाकडे पाहिलं. डोळे बारीक करून दूर बघत होता, पाठ ताठ. म्हणजे हे असं होतं तर. दहा-दहा महिने हा माणूस असा दिसत होता आणि आपल्याला तो कधी दिसलाच नाही. त्यांना त्याचा रागही आला आणि तो फार देखणाही वाटला.

"काय पाहून राहिली?" पंजाबरावांनी विचारलं.

"काही नाही. समोर पाहा. आपटसान."

टेकडीला होडी लागली, महादेवाला नारळ फुटला, प्रसाद वाटला. ओमप्रकाशजींना आता धीर आला होता. येताना तर ते गुणगुणायला लागले, दंडाची एक ट्यूब काढून त्यांनी बाजूला ठेवली. आणि धक्का दिसायला लागला तोच त्यांच्या पायांशी चिळकांडी उडाली.

"पानी! पंजाबभाऊ, पानी! मेलो मी! माह्या लेकीचं लग्न व्हाचं हाय!"

मंडपवाल्यानं ठोकलेली फट होती ती, हे नंतर कळलं. एक पिळा निसटला होता आणि पाणी धारेनं आत येत होतं. ओमप्रकाशजींनी त्यावर पाय दाबला, तर मोजा भिजून पाणी दुसरीकडून. पंजाबराव सुकाणू सोडू शकत नव्हते, धर्मेंद्र वल्हं.

"आता कसं करा?" धर्मेंद्र रडकुंडीला आला. "काका, कापूस?"

मैनाबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला होता.

पाचच होत्या. देवीच्या. एवढ्या तरी तिच्या राहू द्याव्यात म्हणून ठेवलेल्या. त्यांनी एकदा काठाकडे पाहिलं, गर्दीकडे, गोडाऊनच्या निळ्या पाटीकडे. मग सुकाणूवरच्या माणसाकडे. तो त्यांच्याकडे पाहून मान हलवत होता, नको म्हणून.

"सरकवा पाय," त्या ओमप्रकाशजींना म्हणाल्या. दातांनी गाठ सोडली, पाची वाती एकत्र पिळल्या आणि हातातल्या बांगड्या वाजेपर्यंत फटीत दाबल्या. धार बारीक झाली. थेंब झाली. थांबली.

होडी धक्क्याला लागली तशी गर्दी पाण्याच्या कडेला आली. सोसायटीचे सभासद पुढं सरसावले. "अध्यक्षसाहेब, सांगा. होडी कोरडी आली?"

ओमप्रकाशजी उठले. केस उभे, कमरेला ट्यूब, मोज्यांतून पाणी ठिबकून राहिलेलं. ओमप्रकाशजींनी पाण्याकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, मागं टेकडीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं जे गावानं त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"कोरडी!" ते गरजले. "खटखटीत!"

"अन् तुमचे पाय?"

"महादेवापाशी धुतले. देवाकडं पाय धुवून जातात, एवढंबी समजत नाही का तुमाले?" मग पंजाबरावांकडे वळून हळूच, "भाऊ, पुन्हा कवा जाचं?"

त्यानंतर काय टाळ, काय भोंगा, काय आरडाओरडा! धर्मेंद्रला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि राळेमुळं तो निघेचना. अनुपमा मॅडम माइकवरून शिस्त शिस्त म्हणत स्वतःच फुगडी घालत होत्या. गंगेत घोडं न्हालं एकदाचं.

पंजाबरावांनी मैनाबाईंना उतरवायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला नाही.

"आधी तुमी."

"काहून?"

"उतरा म्हटलं ना."

पंजाबराव उतरले. आधी डावा पाय दगडावर, मग उजवा. मैनाबाई होडीत बसून त्या दोन पावलांकडे बघत राहिल्या. पाण्यातून सुखरूप काठावर. किती वर्षांपूर्वी मागितलं होतं. डोळे भरून आले आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम, आणि त्यांनी कोणतंच आवरलं नाही.

"उद्या अंबादेवीले जाचं," त्या उतरत म्हणाल्या.

"पन वाती?"

"संपल्या."

"मंग काय वाहशील?"

"तुमालेच नेतो. देवीले म्हनतो, पाहून घे माय, पुरा आला का नाही."

संग्रहालय बघायला त्या दिवशी एवढी रांग लागली होती, की पंजाबरावांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस म्हणायला हरकत नव्हती. त्यांनी खिशातून गोडाऊनची किल्ली काढली, धर्मेंद्रच्या चिकट हातावर ठेवली. "सांभाळ रे. मी घरी जातो."

"आता? काका, लोक थांबले ना!"

"ही जास्त वेळ थांबली," पंजाबराव म्हणाले.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. त्रिपुरी पौर्णिमा, घरोघर दिवे, आणि मैनाबाईंनी देव्हाऱ्यापुढं निरांजन घेतलं तर घरात एक वात नाही! लाख वळणाऱ्या बाईच्या घरात एकही नाही. त्या कपाळावर हात मारून बसल्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

पंजाबरावांनी बाहेर चपला काढल्या. टोपलीतला कापूस घेतला, मांडी घालून बसले आणि वळायला लागले. इकडे जाड, तिकडे बारीक, मध्ये एक गाठ.

"इंजिनात घालाची का देवापुढं?" मैनाबाई म्हणाल्या.

"पेटवून तं पाह्य."

मैनाबाईंनी ती तेलात भिजवली आणि काडी लावली. वात जरा तडतडली, मग नीट पेटली.

"आला वं माय," त्या देवीला म्हणाल्या, आणि नवऱ्याला जेवायला वाढायला उठल्या.